दुष्काळात चरणाऱ्या जनावरांना पूरक आहार: उणीव नेमकी कशाची?

पाऊस लांबला की कुरणातील गवत एका दिवसात नाहीसे होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिनेही, वाळलेले उभे गवत भरपूर असते आणि जनावरे दिवसभर चरताना दिसतात. तरीही त्यांच्या फासळ्या वर येऊ लागतात, दूध आटते आणि गाभण जनावरांची अंगकाठी उतरते. पोट भरलेले असताना जनावर का झिजते, या प्रश्नाचे उत्तर समजले तर पूरक आहाराचे बहुतेक निर्णय सोपे होतात. हे उत्तर माहीत नसताना समोर येईल ते खाद्य ओतत राहिल्यास खर्च वाढतो आणि कधी कधी जनावरही हातचे जाते.

गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. गवताचा तंतुमय भाग त्यांची स्वतःची पाचकद्रव्ये पचवू शकत नाहीत. ते काम त्यांच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राहणारे जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. हे सूक्ष्मजीव तंतू कुजवून जी आम्ले तयार करतात त्यांतून जनावराला ऊर्जा मिळते, आणि हेच सूक्ष्मजीव पुढे आतड्यात जाऊन पचले की त्यांच्या शरीरातील प्रथिने जनावराच्या वाट्याला येतात. म्हणजे आपण गव्हाणीत टाकलेला चारा आधी सूक्ष्मजीव खातात आणि मग जनावर. या सूक्ष्मजीवांना वाढीसाठी नायट्रोजन लागतो आणि तो त्यांना मुख्यतः चाऱ्यातील प्रथिनांतून मिळतो. चाऱ्याच्या कोरड्या भागात साधारण 7 टक्के प्रथिने असतील तोवर त्यांचे काम बरे चालते. पूर्ण वाळलेल्या, पक्व गवतात किंवा धान्याच्या काडात हे प्रमाण 3 ते 4 टक्क्यांवर आलेले असते.

नायट्रोजन कमी पडला की सूक्ष्मजीवांची संख्या घटते आणि तंतू कुजण्याचा वेग मंदावतो. कोटीपोटातील चारा लवकर पुढे सरकत नाही, पोट भरलेलेच राहते आणि जनावर कमी खाते. एका उणिवेतून दुसरी उणीव निर्माण होते ती अशी: प्रथिने कमी म्हणून पचन मंद, पचन मंद म्हणून खाणे कमी, आणि खाणे कमी म्हणून ऊर्जाही कमी. पोट गच्च दिसणारे पण पाठीवरचे मांस उतरलेले जनावर बहुधा याच अवस्थेत असते.

एक हिशेब मांडून पाहू. 450 किलो वजनाच्या भाकड गायीला वजन टिकवून ठेवण्यासाठी दिवसाला सुमारे 50 मेगाज्यूल ऊर्जा लागते. वाळलेल्या निकृष्ट चाऱ्याच्या एका किलो कोरड्या भागातून तिला साधारण 5.5 मेगाज्यूल मिळते. प्रथिनांच्या अभावी ती वजनाच्या दीड टक्काच चारा खात असेल तर 6.75 किलो चाऱ्यातून तिला 37 मेगाज्यूल मिळतील आणि उरलेली 13 मेगाज्यूल ती स्वतःच्या चरबीतून आणि मांसातून काढेल. आता तिच्या सूक्ष्मजीवांना पुरेसा नायट्रोजन मिळाला आणि तिचे खाणे वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत गेले, तर त्याच चाऱ्याचे 9 किलो तिच्या पोटात जातील आणि त्यांतून 49.5 मेगाज्यूल मिळतील. चारा तोच आणि गायही तीच. फरक पडला तो पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे. या 9 किलो चाऱ्यात साडेतीन टक्के दराने 315 ग्रॅम प्रथिने आहेत आणि 7 टक्क्यांसाठी 630 ग्रॅम हवीत. ही 315 ग्रॅमची तूट 40 टक्के प्रथिने असलेली सुमारे पाऊण किलो पेंड भरून काढते, शिवाय त्या पेंडीतून मिळणारी ऊर्जा वेगळी. प्रत्येक कळपात आणि प्रत्येक चाऱ्यात आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

यावरून पूरक आहारातला पहिला प्रश्न ठरतो: कुरणात वाळलेला का होईना, चारा शिल्लक आहे का? असेल, तर उणीव प्रथिनांची आहे आणि थोड्या पेंडीने किंवा युरियायुक्त चाटणाने तो चारा कामी लावता येतो. कुरणच उघडे पडले असेल, तर उणीव थेट ऊर्जेची आहे. त्या वेळी नुसती चाटणवीट (चाटण्यासाठी बनवलेली युरियायुक्त घट्ट वीट) टांगून काही साधत नाही, कारण तिने वाढवलेली भूक भागवायला समोर काहीच नसते. तेव्हा धान्य, मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा), वाळलेले गवत अशा ऊर्जा देणाऱ्या खाद्यावर जनावर सांभाळावे लागते आणि तो खरे तर पूरक आहार राहत नाही, पूर्ण आहारच होतो. या दोन अवस्थांमधली सीमारेषा ओळखण्यात उशीर होतो आणि बहुतेक नुकसान तिथेच होते, असे माझे मत आहे.

चारा असताना धान्य दिले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. थोड्या धान्याने फारसे बिघडत नाही. धान्य जास्त झाले की मात्र दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे जनावर चरायचे सोडून गव्हाणीपाशी वाट पाहत उभे राहते, त्यामुळे कुरणातील चाऱ्याला भर पडण्याऐवजी धान्य त्याची जागा घेते. दुसरे म्हणजे धान्यातील पिष्टमय पदार्थ झपाट्याने आंबून कोटीपोट आम्लधर्मी होते आणि तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना ती आम्लता सोसत नाही. म्हणून वाळका चारा उपलब्ध असताना त्याला जोड म्हणून पेंड ही धान्यापेक्षा सरस ठरते.

युरियाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इतके स्वस्त आणि इतके धोक्याचे दुसरे पूरक खाद्य नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. कोटीपोटात त्याचा अमोनिया होतो आणि सूक्ष्मजीव त्या अमोनियापासून आपली प्रथिने बांधतात. 100 ग्रॅम युरियातून सुमारे 287 ग्रॅम प्रथिनांइतका नायट्रोजन मिळतो. पण त्या बांधणीसाठी त्याच वेळी ऊर्जा आणि गंधकही लागते. म्हणून युरिया सहसा उसाच्या मळीबरोबर देतात आणि नायट्रोजनाच्या दर 10 ते 12 भागांमागे एक भाग गंधक राहील असे पाहतात. अमोनिया वापरला जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार झाला तर तो रक्तात उतरतो, आणि यकृताला तो आवरला नाही तर जनावर अर्ध्या-एक तासात अस्वस्थ होते, थरथरते, लाळ गाळते, फुगते, धापा टाकते आणि पुष्कळदा मरते. अशा वेळी पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पाजण्याचा उपाय अमोनियाचे शोषण मंदावतो, पण तो लक्षणे दिसताच केला तरच उपयोगी पडतो.

ही विषबाधा टाळता येण्याजोगी आहे. एकूण आहाराच्या कोरड्या भागात युरिया 1 टक्क्याहून जास्त नसावा आणि तोही दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यावा. उपाशी जनावराला किंवा कोटीपोट अजून पुरते न वाढलेल्या वासराला तो मुळीच देऊ नये. मध्ये काही दिवस खंड पडला तर पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात करावी. चाटणवीट कठीण असावी, म्हणजे जनावर ती चाटू शकेल पण तिचे तुकडे चावून खाऊ शकणार नाही. चाटण उघड्या भांड्यात ठेवले असेल तर त्यात पावसाचे पाणी साचणार नाही अशी सोय हवी, कारण साचलेल्या पाण्यात विरघळलेला युरिया जनावर एका दमात पिऊन टाकते. ज्या पावसाची वाट पाहिली त्याच्या पहिल्या सरीनंतर अशा घटना घडतात, ही मोठी विचित्र शोकांतिका आहे.

काड किंवा भुसा हाताशी असेल तर त्यावर युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धत अधिक सुरक्षित आहे. 100 किलो कोरड्या काडासाठी 4 किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून काडाच्या थरांवर सारखा शिंपडतात, थर दाबून ढीग हवाबंद झाकतात आणि सुमारे 3 आठवडे तसाच ठेवतात. आतमध्ये तयार झालेला अमोनिया तंतूंचे कठीण बंध सैल करतो, त्यामुळे काड मऊ आणि अधिक पचनीय होते. शिवाय त्यातील प्रथिनांचे प्रमाण 3-4 टक्क्यांवरून 7-8 टक्क्यांपर्यंत जाते. उघडल्यावर काही तास हवेशीर पसरून अमोनियाचा उग्र वास गेला की मगच ते खाऊ घालावे.

कुरण संपल्यावर धान्याकडे वळावे लागते आणि तेथे वेगळा धोका असतो. चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराने एकाएकी पोटभर धान्य खाल्ले तर कोटीपोटात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू माजतात, एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असणारा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) 5 च्याही खाली घसरतो, आणि जनावर खाणे सोडते, आंबूस वासाची हगवण लागते, तोल जातो आणि ते बसून राहते. जे वाचते त्याचे खूर पुढे महिनोन्महिने दुखतात. गहू आणि जव लवकर आंबतात म्हणून जास्त धोक्याचे आहेत, तर टरफलाचे प्रमाण जास्त असल्याने ओट त्या मानाने सौम्य आहे. कोणतेही धान्य जितके बारीक दळावे तितका धोका वाढतो. मेंढ्यांना अख्खे धान्य चालते, कारण त्या ते नीट चावतात. गायी-म्हशींच्या शेणातून मात्र अख्खे दाणे बाहेर पडतात, म्हणून त्यांना भरडा द्यावा. मेंढीसाठी दिवसाला 50 ग्रॅमपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत जावे आणि त्या काळात पोटात वाळका चारा नक्की असावा. एका धान्यावरून दुसऱ्यावर जाताना, किंवा नव्या भावाने घेतलेला त्याच धान्याचा नवा साठा सुरू करतानासुद्धा, जुने आणि नवे काही दिवस मिसळून द्यावे. धान्य सुरू करण्यापूर्वी मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचलेली असणे आवश्यक आहे, कारण भरपूर पिष्ट मिळाले की त्या रोगाचे जिवाणू आतड्यात वेगाने वाढतात.

धान्याला सरावलेल्या मेंढ्यांना रोज थोडेथोडे देण्यापेक्षा दर तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचा वाटा एकदम देणे अनेकदा हिताचे असते. रोजच्या थोड्या धान्यावर दांडग्या मेंढ्या ताव मारतात आणि बुजऱ्या उपाशी राहतात; वाटा मोठा असला की दांडग्यांचे पोट भरते आणि मागच्यांनाही मिळते. पेंडीच्या बाबतीतही आठवड्यातून दोन-तीनदा देणे चालते, कारण रवंथ करणारे जनावर रक्तातील जादा नायट्रोजन लाळेवाटे पुन्हा कोटीपोटात आणते. युरियाला मात्र ही सवलत नाही; तो रोज आणि थोडाथोडाच जायला हवा.

खाद्य विकत घेताना पोत्याचा भाव पाहून निर्णय घेण्याची चूक सर्रास होते. खरी तुलना ऊर्जेच्या किंवा प्रथिनांच्या भावाची असते. एक किलो धान्यात सुमारे 90 टक्के कोरडा भाग असतो आणि त्यातून 11 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा मिळते. चांगल्या वाळलेल्या गवताच्या किलोमागे साडेसात मेगाज्यूल मिळते. मुरघासाचा दोन तृतीयांश भाग पाणीच असल्याने त्याच्या किलोमागे जेमतेम 3 मेगाज्यूल हाती लागते. म्हणजे मुरघासाचा भाव धान्याच्या भावाच्या पाव हिश्श्याहून फारसा जास्त असेल तर ऊर्जेच्या दृष्टीने तो महागच पडला. प्रथिने हवी असतील तर हाच हिशेब प्रथिनांच्या टक्केवारीवर करावा. तेथे पेंड दिसायला महाग असूनही अनेकदा स्वस्त ठरते. याचा अर्थ आहार नुसत्या धान्याचा करावा असा नाही, कारण रवंथ चालू राहण्यासाठी थोडा तरी लांब तंतूंचा चारा लागतोच.

सगळ्या जनावरांची गरज सारखी नसते. दुभत्या गायीची ऊर्जेची गरज भाकड गायीच्या सुमारे दीडपट असते, आणि दूध पाजणाऱ्या मेंढीची दुपटीहूनही जास्त असू शकते. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत, विशेषतः पोटात जुळी असतील तर, आहार कमी पडून शरीरातील चरबी वेगाने वितळू लागली की मेंढी-शेळी सुस्त होते, तिला दिसेनासे होते आणि ती दगावते. म्हणून कळप वेगळा करणे हे पूरक आहारातले बिनखर्चाचे काम आहे: गाभण, दुभती, तरुण आणि भाकड जनावरे निरनिराळी ठेवली की ज्याला जेवढे हवे तेवढे देता येते. जनावराची अवस्था डोळ्यांनी ठरवू नये, विशेषतः लोकर वाढलेल्या मेंढीची तर नाहीच. कमरेच्या मणक्यांवर आणि त्यांच्या बाजूच्या हाडांच्या टोकांवर बोटे दाबून 1 ते 5 असे गुण द्यावेत. टोके धारदार लागत असतील तर गुण 1 च्या जवळ आहे आणि गाभण जनावराच्या बाबतीत आधीच उशीर झाला आहे. उतरलेली अंगकाठी पुन्हा भरून काढायला ती टिकवण्यापेक्षा जास्त खाद्य लागते.

दूध लवकर तोडण्याचा उपाय कठोर वाटतो, पण दुष्काळात तो आई आणि वासरू दोघांनाही वाचवतो. गायीला खाद्य द्यायचे, तिने त्याचे दूध करायचे आणि ते वासराने प्यायचे, या दोन टप्प्यांत बरीच ऊर्जा वाया जाते. तेच खाद्य वासराला थेट दिले तर कमी लागते. मात्र तीन महिन्यांच्या वासराला कडब्यावर सोडून चालणार नाही. त्याला 16 ते 18 टक्के प्रथिनांचा चांगला खुराक हवा आणि तो परवडणार नसेल तर दूध तोडू नये. जी जनावरे कळपात पुढे ठेवायची नाहीत ती अंगावर मांस असतानाच विकणे हाही चारा-नियोजनाचाच भाग आहे. याविषयी कोणी बोलू इच्छित नाही, पण एका जनावराचे कमी झालेले तोंड म्हणजे बाकीच्यांसाठी वाढलेले दिवस, हा हिशेब टळत नाही.

क्षारांचे थोडक्यात सांगायचे तर, धान्यात कॅल्शियम फार कमी असते, म्हणून धान्यावर जगवलेल्या जनावरांना धान्याच्या 1 ते 1.5 टक्के चुनखडीची भुकटी आणि थोडे मीठ द्यावे. हिरवा चारा काही महिने मिळाला नाही की यकृतातील जीवनसत्त्व अ चा साठा संपतो, जनावराला अंधारात दिसत नाही आणि डोळ्यांतून पाणी वाहते. अशा वेळी ते इंजेक्शनने द्यावे लागते. जनावरे हाडे चघळताना दिसली तर त्यांना स्फुरद (फॉस्फरस) आणि प्रथिने कमी पडत आहेत असे समजावे आणि मेलेल्या जनावरांचे सांगाडे कुरणातून हलवावेत, कारण त्यांतील बॉट्युलिझमचे विष प्राणघातक असते.

पाणी कमी पडले तर चारा असूनही जनावर खात नाही. कोरड्या चाऱ्याच्या दर किलोमागे मोठ्या जनावराला साधारण 3 ते 4 लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात ही गरज आणखी वाढते. आटत चाललेल्या तळ्यात क्षार साठत जातात आणि हिरवे-निळे शेवाळ वाढते. त्या शेवाळातले काही प्रकार विषारी असतात. चाटणातील मीठ वाढवून खाण्यावर नियंत्रण ठेवण्याची युक्ती खाऱ्या पाण्याच्या ठिकाणी उपयोगी पडत नाही.

पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी किंवा मका चाऱ्यासाठी कापून देण्याचा मोह होतो. अशा खुरटलेल्या पिकाच्या खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठते. कोटीपोटात त्याचे नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि रक्त चॉकलेटी दिसू लागते. चारा वाळवल्याने नायट्रेट कमी होत नाही. मुरघास केल्याने बरेच कमी होते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातील सायनाइडचे उलट आहे: नीट वाळवल्याने ते बरेच उडून जाते, पण उभ्या कोवळ्या पिकात उपाशी जनावर सोडले तर ते काही मिनिटांत कोसळू शकते.

कुरणाचाही विचार करावा लागतो. जनावरे उघड्या पडलेल्या जमिनीवर शेवटची काडी शोधत फिरतात तेव्हा त्या चालण्यात त्यांची शक्ती खर्च होते, गवताची मुळे उघडी पडतात आणि पुढच्या वाऱ्या-पावसात माती वाहून जाते. त्यापेक्षा एखादा लहान तुकडा बांधून तेथेच सर्व खाद्य आणि पाणी देणे आणि बाकीचे कुरण बंद ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. तो तुकडा पुरता तुडवला जाईल हे गृहीत धरूनच तो निवडावा. त्यातले पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे वाहणार नाही आणि तेथे सावली मिळेल एवढे पाहावे.

पाऊस पडला की खाद्य बंद करण्याची घाई होते आणि नेमका तोच काळ जनावरांना जड जातो. नव्या पोपटी गवतात 80 ते 85 टक्के पाणी असते. 450 किलोच्या गायीला त्यातून 9 किलो कोरडा भाग मिळवायचा तर पन्नास किलोंच्या आसपास गवत उपटावे लागेल आणि बोटभर उंचीच्या गवतात ते अशक्य आहे. तरीही हिरव्या वासामागे जनावरे वाळका चारा सोडून मैलोन्मैल भटकतात, आणि थंड पावसात भिजलेले अशक्त जनावर त्यातच गारठून मरते. त्या कोवळ्या पात्यांनाही मुळांत उरलेल्या साठ्यावरच वाढायचे असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ती कुरतडली गेली तर कुरण पुन्हा मागे पडते. म्हणून पावसानंतर तीन-चार आठवडे, गवत घोट्याच्या वर येईपर्यंत, जनावरे बांधलेल्या तुकड्यातच ठेवून खाद्य चालू ठेवावे. नंतर सोडताना सकाळी आधी वाळका चारा खाऊ घालावा, पहिल्या दिवशी चराई तासाभराची ठेवावी आणि ती आठवडाभरात वाढवत न्यावी. पेंड आणि धान्यही त्याच गतीने कमी करावे.